मेंढ्यांचं रिंगण मोबाइलात

काटेवाडीत संत तुकाराम महाराजांच्या पालखीभोवती मेंढ्या धावू लागल्या, की शेकडो मोबाइल वर होतात. संध्याकाळी तो व्हिडिओ परगावच्या लेकीकडे पोचतो, तेव्हा मेंढ्यांऐवजी नुसते चौकोनी ठिपके हलताना दिसतात. असं का होतं?

व्हिडिओची फाइल लहान करताना प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाहीत. एक चित्र पूर्ण ठेवायचं आणि पुढच्या चित्रांत काय बदललं तेवढंच नोंदवायचं, अशी ती रीत. कीर्तनकार एका जागी उभे असतील, तर बदल थोडा. रिंगणात मेंढ्या, धूळ, पताका सगळंच हलतं. त्यात हातही हलला, तर नोंद ठरलेल्या मापात मावत नाही. मग बारकावे गळतात.

उपाय साधे आहेत. कोपरं अंगाशी टेकवून मोबाइल स्थिर धरावा. ‘फोर-के’ऐवजी १०८० चं माप पुरतं. पाठवण्याआधी नको तो भाग कापून अर्ध्या मिनिटाचाच तुकडा ठेवावा. रीलसाठी चौकट उभी, १०८० बाय १९२० ची. पण धावती रांग आडव्या चौकटीतच मावते. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘एचडी’ निवडावं किंवा फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. मात्र डॉक्युमेंटसोबत चित्रीकरणाच्या जागेची नोंदही जाऊ शकते, हे ध्यानात असू द्यावं.

आणि मूळ फाइल पुसू नका. गळलेले बारकावे परत येत नाहीत. त्या गर्दीत आपले आजोबा असतील, तर त्यांचा चेहरा मूळ फाइलमध्येच ओळखू येईल.