मुलीच्या वाटेत काय आडवं येतं?

झांबियाच्या दक्षिण प्रांतात गावोगावी मुलं शाळेत जातात, पण शाळा घराजवळ असतेच असं नाही. तीन किलोमीटरहून लांब राहणाऱ्या, पाचवी ते सातवीतल्या मुलींना सायकल मिळाली तर काय फरक पडतो, हे तिथल्या शंभर शाळांमध्ये तपासून पाहिलं गेलं. सायकल मिळालेल्या मुलींचा वाटेत जाणारा वेळ सुमारे एक तृतीयांशानं कमी झाला, उशिरा पोचण्याचं प्रमाण दोन तृतीयांशानं घटलं आणि गैरहजेरी पाव हिश्श्याहून जास्त खाली आली. या सायकली 'वर्ल्ड बायसिकल रिलीफ' या संस्थेच्या होत्या. संस्थेचं मूळ शिकागोतल्या स्रॅम या सायकलींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. कंपनीचे एक संस्थापक एफ. के. डे आणि त्यांच्या पत्नी लेआ मिसबाख डे यांनी २००४च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत सायकली पोचवल्या आणि त्यातून २००५ साली ही संस्था उभी राहिली. झांबियातला हा अभ्यास करणाऱ्यांपैकी निशीथ प्रकाश यांनी त्याआधी कार्तिक मुरलीधरन यांच्याबरोबर बिहारच्या सरकारी सायकल योजनेचा अभ्यास केला होता. तिथे माध्यमिक शाळेत मुलींचा पट ३२ टक्क्यांनी वाढलेला दिसला. एसटीच्या मोफत पासावर शेजारच्या गावी शाळेत जाणाऱ्या मुली ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

परदेशातल्या मुलींच्या शिक्षणासाठी मोठ्या कंपन्या आणि सेवाभावी संस्था हातमिळवणी करतात, तेव्हा वर्तमानपत्रात बहुधा रक्कम छापून येते. रकमेवरून फारसं काही कळत नाही, असं माझं मत आहे. पाहायला हवं ते हे, की कंपनी जे देते आहे ते मुलीच्या वाटेतला नेमका कोणता अडथळा दूर करतं, आणि तो अडथळा तिथे खरोखर आहे हे कुणी ठरवलं. झांबियात सायकल उपयोगी पडली, कारण अडचण अंतराची होती. शिवाय नुसती सायकल देऊन काम झालं नसतं. खेड्यातल्या कच्च्या रस्त्यांसाठी मुद्दाम बनवलेली 'बफेलो' ही जड, दणकट सायकल, तिचे सुटे भाग जवळपास मिळण्याची सोय, दुरुस्तीचं शिक्षण दिलेले स्थानिक कारागीर, आणि सायकल कुणाला द्यायची हे ठरवणारी पालक-शिक्षकांची गावसमिती, एवढं सगळं तिच्यामागे होतं. सायकलीच्या धंद्यातल्या माणसांना चाक कुठे मोडेल हे आधीच ठाऊक असतं. कंपनीचं ते ज्ञान इथे तिच्या पैशाइतकंच कामी आलं.

याच्या शेजारी दुसरं उदाहरण ठेवून पाहू. पाळीच्या दिवसांत साधनं नसल्यामुळे मुलींची शाळा बुडते, हे विधान जगभर फिरलं आणि सॅनिटरी पॅड बनवणाऱ्या कंपन्यांनी आफ्रिकेतल्या शाळांमध्ये पॅड वाटायला सुरुवात केली. हेच विधान तपासण्यासाठी नेपाळमधल्या चितवन जिल्ह्यात एमिली ऑस्टर आणि रिबेका थॉर्नटन या अर्थशास्त्रज्ञांनी काही मुलींना पाळीसाठी कप दिले आणि हजेरी मोजली. १८० दिवसांच्या शालेय वर्षात पाळीमुळे बुडणारा वेळ सरासरी ०.४ दिवस, म्हणजे अर्ध्या दिवसाहूनही कमी निघाला, आणि कप मिळाल्यानं हजेरीत फरक पडला नाही. मुलींना मात्र कप आवडले, कपडे धुण्यात जाणारा त्यांचा वेळ वाचला. हा एका जिल्ह्यातला अभ्यास आहे आणि सगळीकडे असंच असेल, असं त्यावरून म्हणता येत नाही. पॅड वाटूच नयेत, असंही मी म्हणत नाही. स्वच्छता आणि संकोचातून सुटका ही ते देण्यासाठी पुरेशी कारणं आहेत. परंतु मुलगी फीअभावी घरी बसली असेल आणि तिच्या हाती पॅडचं पाकीट आलं, तर ती मदत शिक्षणाच्या खात्यात मांडता येत नाही. दुकानात जे आहे तेच गरज म्हणून दिसू लागतं, हा या भागीदारीतला सर्वांत मोठा धोका आहे.

म्हणून मला 'कॅमफेड' या संस्थेचं उदाहरण मोलाचं वाटतं. १९९१ साली अ‍ॅन कॉटन ही ब्रिटिश बाई मुली शाळेत का येत नाहीत हे शोधायला झिम्बाब्वेतल्या मोला या गावी गेली. परंपरेमुळे आईबापांचा विरोध असेल, अशी तिची समजूत होती. तिला दिसली ती गरिबी. फी एकाच मुलाची भरता येत असेल, तर पगाराची नोकरी मुलाला लागण्याची शक्यता जास्त, म्हणून ती मुलाची भरली जात होती. तिने केंब्रिजमध्ये केक विकून पैसे उभे केले आणि १९९३ साली ३२ मुलींना शाळेत बसवलं; 'कॅमफेड'ची सुरुवात ती. पैसा घेऊन मोठ्या कंपन्या नंतर आल्या, पण काय करायचं हे तोवर ठरलेलं होतं: फी, गणवेश, वह्या, आणि मुलीच्या पाठीशी उभं राहणारं गावातलंच एक माणूस. शिकून बाहेर पडलेल्या मुलींची संघटना १९९८ साली झाली. त्यांतल्याच तरुणी शाळांमध्ये 'लर्नर गाइड' म्हणून स्वेच्छेनं काम करतात, आणि एखादी मुलगी यायची थांबली की तिच्या घरी जाऊन चौकशी करतात. पियर्सन या शैक्षणिक प्रकाशन कंपनीनं या तरुणींच्या कामाला व्यावसायिक पात्रतेचं प्रमाणपत्र मिळण्याची सोय केली. प्रमाणपत्र हा पियर्सनचा धंदाच आहे, तरीही ते इथे चपखल बसलं, कारण गरज आधी ठरली होती. अँजेलिन मुरिमिर्वा ही सुरुवातीच्या काळात मदत मिळालेली मुलगी आज संस्थेची मुख्य कार्यकारी अधिकारी आहे.

अशा भागीदारीवर पहिला आक्षेप असा, की हे सगळं कंपनीचं नाव उजळवण्यासाठी चालतं. नायकी फाउंडेशननं २००८ साली 'गर्ल इफेक्ट' ही मोहीम काढली. एका मुलीला शिकवलं की सगळा समाज गरिबीतून वर येतो, असा तिचा सूर होता. कॅथरिन मोलर या अभ्यासिकेनं २०१८ साली या विचारावर पुस्तक लिहिलं. गरिबी हटवण्याचा भार अशा मोहिमा मुलीच्याच खांद्यावर टाकतात आणि कंपन्यांच्या स्वतःच्या व्यवहाराचा प्रश्न बाजूला राहतो, ही तिची तक्रार. ती मला पटते. गॅप कंपनीनं २००७ साली कपड्यांच्या कारखान्यांतल्या बायकांसाठी 'पेस' हा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला. संवाद, वेळेचं नियोजन, पैशांचे व्यवहार असं त्यात शिकवलं गेलं आणि ते उपयोगाचं होतं. पण माल कितीला घ्यायचा, किती दिवसांत मागायचा हे ठरवणारी कंपनी त्या बाईच्या मजुरीवर आणि रात्रीच्या जादा कामावर कुठल्याही वर्गापेक्षा जास्त परिणाम करू शकते. एवढं मान्य करूनही मदत फेटाळावी, असं मला वाटत नाही. देणाऱ्याचा हेतू शुद्ध असो वा नसो, भरलेल्या फीवर मुलगी वर्गात बसतेच. हेतूच्या चर्चेत न अडकता आपण परिणामाचा हिशेब मागावा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शिक्षण देणं हे सरकारचं काम; कंपन्यांनी कर नीट भरावा, बाकी उपकार नकोत. झांबियानं २०२२ पासून सरकारी माध्यमिक शाळांची फी माफ केली, आणि एवढ्या प्रमाणावर ते कुठल्याही कंपनीला जमलं नसतं. पण फी गेली तरी गणवेश, अंतर आणि घरकाम तिथेच राहतं. केनियात प्राथमिक शाळेची फी २००३ सालीच माफ झाली होती. त्यानंतरही पश्चिम केनियात नुसता मोफत गणवेश दिल्यानं मुलींची गळती कमी झाली, लहान वयातली लग्नं आणि गरोदरपणंही घटली, असं डुफ्लो, डुपा आणि क्रेमर या अर्थशास्त्रज्ञांच्या प्रयोगात आढळलं. सरकारचा पैसा जिथे संपतो त्या फटीत कंपनीनं काम करावं. मात्र माध्यमिक शाळेला पाच-सहा वर्षं लागतात. तीन वर्षांच्या करारावर मुलगी शाळेत घातली आणि चौथ्या वर्षी कंपनीचं धोरण बदललं, तर ती मधेच सुटते.

भारतीय कंपन्यांना हा प्रश्न परका राहिलेला नाही. २०१३च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सामाजिक कामासाठी सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च बंधनकारक केला, पण देशाबाहेरचा खर्च त्यात धरत नाहीत. तरी भारती समूहाच्या एअरटेल आफ्रिकेनं २०२१ साली युनिसेफबरोबर तेरा देशांसाठी पाच वर्षांचा, ५.७ कोटी डॉलरचा करार केला: शाळांना इंटरनेट जोडायचं आणि अभ्यासाची संकेतस्थळं मोफत उघडू द्यायची. कंपनी इथेही आपल्याच दुकानातली वस्तू देते आहे. शाळेतल्या जोडणीचा फायदा वर्गात बसलेल्या मुलीला मिळेल. घरी मोफत उघडणारा धडा मात्र फोन तिच्या हाती आला तरच तिचा, आणि पुष्कळ घरांत तो बापाच्या किंवा भावाच्या खिशात असतो. किती संकेतस्थळं किती वेळा उघडली हे कंपनीच्या यंत्रणेला क्षणात सांगता येतं. त्यांतली किती मुलींनी उघडली, हे घरोघरी जाऊन विचारावं लागतं, आणि त्या विचारण्याचा खर्च करारात आधीच धरायला हवा.