झाकण उघडलं तरी ड्रायर फिरतोच? मशीनचा ब्रेक तपासा

सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचा ड्रायर मिनिटाला साधारण १३०० फेरे मारतो. झाकण उघडलं की तो काही सेकंदांत थांबायला हवा. अनेक मशीनच्या माहितीपुस्तिकेत यासाठी १५ सेकंदांची मर्यादा दिलेली असते. त्याहून जास्त वेळ लागत असेल, तर ड्रायर वापरणं लगेच थांबवा. घाईत आत हात घातला आणि फिरत्या कपड्यांत बोटं अडकली, तर गंभीर इजा होऊ शकते.

ब्रेक चालतो कसा?

ड्रायरच्या खाली मोटरच्या शाफ्टवर एक गोल ड्रम असतो आणि त्याच्या बाजूला ब्रेक शू. झाकण बंद असताना एक वायर हा शू ओढून ड्रमपासून लांब धरते. झाकण उघडलं की मोटरची वीज तुटते, वायर सैल पडते आणि स्प्रिंग शूला ड्रमवर दाबते. म्हणजे सायकलच्या अगदी उलट. तिथे वायर ओढल्यावर ब्रेक लागतो, इथे सोडल्यावर.

दोष नेमका कुठे?

शू झिजला किंवा स्प्रिंग ढिली झाली, तर ड्रायर उशिरा थांबतो. वायर सैल झाली किंवा तुटली, तर ब्रेक लागूनच राहतो. मोटर नुसती गुणगुणते, जळका वास येतो. ड्रमवर पाणी दिसत असेल, तर वरचं रबरी सील गळतंय. ते न बदलता नुसता शू बदलला, तर तो पुन्हा घसरणार.

शू कसा बदलायचा?

१. प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.
२. पाणी काढून टाका आणि मागचं कव्हर उघडा. कपॅसिटरला हात लावू नका, त्यात वीज साठलेली असू शकते.
३. वायर आणि स्प्रिंग कशी अडकवली आहे, याचा मोबाइलवर फोटो घ्या.
४. जुना शू काढा आणि तो दाखवूनच त्याच मापाचा नवा आणा.
५. ड्रम कोरड्या फडक्याने पुसा. तेल किंवा ग्रीस अजिबात नको.
६. नवा शू बसवून वायर जुळवा. झाकण बंद असताना शू ड्रमला घासता कामा नये, उघडल्यावर पूर्ण टेकायला हवा.
७. कव्हर लावा, रिकामा ड्रायर फिरवा आणि झाकण उघडून सेकंद मोजा.

मशीन वॉरंटीत असेल किंवा वायरिंगची भीती वाटत असेल, तर मेकॅनिकला बोलवा. मात्र झाकणाचा स्विच ‘डायरेक्ट’ करून घेऊ नका. मग झाकण उघडलं तरी मोटरची वीज तुटणारच नाही.