उड्डाणहीन सागरी बदकाचे अवशेष आणि त्यांची साक्ष

एखादी प्राणिजाती केव्हा व कशी नाहीशी झाली, या प्रश्नाचे उत्तर बहुधा तिच्या हाडांवरूनच शोधावे लागते. परंतु ती हाडे कोणत्या प्रकारच्या स्थळी सापडली, हे ध्यानात घेतल्यावाचून त्यांची साक्ष उलगडत नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर एके काळी वावरणारे ‘चेन्डायटीस लॉई’ हे उड्डाणहीन बदक याचे बोधप्रद उदाहरण होय.

या जातीचे प्रथम वर्णन लॉय मिलर यांनी १९२५ साली लॉस एंजेलिस परिसरातील प्लाइस्टोसीन काळाच्या जीवाश्मांवरून केले. कलहंसाएवढ्या या पक्ष्याच्या पंखांची हाडे अतिशय खुरटलेली होती. पाय मात्र बळकट होते. अशा नैसर्गिक निक्षेपांतील जीवाश्म पक्ष्याची शरीररचना व प्राचीनता सांगतात. मानवाशी त्याचा संबंध कसा होता, हे त्यांवरून कळत नाही.

ते कळते पुरातत्त्वीय अवशेषांवरून. किनाऱ्यालगतच्या १४ प्राचीन वसतिस्थानांत या बदकाची हाडे मिळाली आहेत. त्या हाडांचेच कार्बन-१४ पद्धतीने कालमापन करून टेरी जोन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनुसार दक्षिणेकडील बेटांवर या पक्ष्याची शिकार सुमारे ११,१५० ते १०,२८० वर्षांपूर्वीच चालू होती. सर्वांत अलीकडचे हाड २,७२० ते २,३५० वर्षांपूर्वीचे आहे. केवळ शेवटच्या हाडावरून जातीचा अंत ठरविणे धोक्याचे असते. परंतु उत्तरकालीन शेकडो स्थळांत हे हाड मुळीच आढळत नाही. म्हणून सुमारे २,४०० वर्षांपूर्वी ही जाती नष्ट झाली असावी, हे अनुमान बळकट ठरते.

या कालक्रमाचे महत्त्व एका बदकापुरते मर्यादित नाही. नवागत मानवाने अमेरिकेतील प्रचंड प्राणी शिकारीने अल्पावधीतच संपविले, असे प्रतिपादन पॉल मार्टिन यांनी केले होते. उडता न येणाऱ्या व जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्याइतके सुलभ भक्ष्य क्वचितच असेल. तरीही मानवी शिकारीला तोंड देत ही जाती किमान ८,००० वर्षे टिकून राहिली. यावरून शिकार निर्दोष ठरत नाही. जोन्स प्रभृतींच्या मते या बदकाचा नाश अतिशिकारीनेच झाला. मात्र मानवाचे आगमन आणि प्राण्याचा लोप यांत फार थोडे अंतर असलेच पाहिजे, हे गृहीत धरता येत नाही. प्रत्येक जातीचा कालक्रम तिच्याच हाडांवरून निश्चित केला पाहिजे.