विवर्धक, निर्वात नलिकायुक्त हौशी रेडिओ : दुरुस्ती व स्थिरीकरण

प्रेषकाकडून आलेला दुर्बल रेडिओ संकेत आकाशकाकडे पाठविण्यापूर्वी अधिक शक्तिमान करणाऱ्या साधनास विवर्धक म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या शिलकी मालातून आलेली ८०७ ही नलिका भारतीय हौशी रेडिओ केंद्रांत पुष्कळ वापरली गेली. १९७८ च्या नियमांनुसार पहिल्या श्रेणीच्या परवानाधारकास असलेली १५० वॉटची आदान शक्तीची मर्यादा अशा दोन नलिकांनी गाठता येत असे. त्यांच्या धनाग्राला सु. ७५० व्होल्ट दाब लागतो. तो प्राणघातक असल्याने दुरुस्तीपूर्वी मुख्य जोडणी काढून धारित्रे (विद्युत् भार साठविणारे घटक) पूर्णपणे निर्भारित करतात व तसे झाल्याची मापकाने खात्री करून घेतात.

हवामानाचा परिणाम : वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्ह्यासारख्या प्रदेशात उन्हाळा अतिशय कडक असतो व पावसाळ्यात हवा दीर्घकाळ दमट राहते. उष्णतेने विद्युत् विच्छेद्य धारित्रांतील द्रव सुकतो, तर दमटपणाने रोहित्राच्या (विद्युत् दाब बदलणाऱ्या साधनाच्या) गुंडाळ्यांचे निरोधन दुबळे होते. म्हणून अनेक वर्षे पडून राहिलेला विवर्धक एकदम पूर्ण दाबाने सुरू करीत नाहीत.

दुरुस्ती : प्रथम रोहित्र सौम्य उष्णतेत सुकवून गुंडाळी व गाभा यांमधील रोध मोजतात. जुनी विच्छेद्य धारित्रे बदलणे श्रेयस्कर असते. ती ठेवावयाची असल्यास मोठ्या रोधकातून दाब हळूहळू वाढवितात. काचेच्या आतील चकचकीत लेप पांढरा पडला असल्यास नलिकेत हवा शिरलेली असते व ती टाकून द्यावी लागते. नलिका चांगली दिसल्यास काही तास फक्त तापक चालू ठेवतात. ८०७ च्या तापकास ६·३ व्होल्ट दाब देतात. पुढे काचेवर दिसणारी निळसर झाक बहुधा निरुपद्रवी असते. मात्र धनाग्राच्या आत जांभळा प्रकाश दिसल्यास नलिकेत वायू आहे असे समजतात.

स्थिरीकरण : धनाग्रावरील विवर्धित संकेताचा अल्प अंश धनाग्र व नियंत्रक जालक यांमधील धारणेतून जालकाकडे परततो. त्याची कला अनुकूल असल्यास विवर्धक स्वतःच आंदोलक बनतो. आदान संकेत काढूनही प्रदान शक्ती मिळत राहणे, तसेच जालक प्रवाह अकारण वाहणे, ही त्याची लक्षणे होत. यावर उपाय म्हणून धनाग्र मंडलातून विरुद्ध कलेचा तेवढाच संकेत लहान धारित्राद्वारे जालकाकडे देतात. यास उदासिनीकरण म्हणतात. धनाग्राचा दाब बंद ठेवून जालकाला संकेत देतात आणि धनाग्र मंडलात उतरणारी रेडिओ शक्ती किमान होईपर्यंत हे धारित्र जुळवितात. जोडतारांच्या प्रवर्तकत्वामुळे अतिउच्च कंप्रतेची उपद्रवी आंदोलनेही निर्माण होतात. ती शमविण्यासाठी धनाग्राच्या तारेत काही वेढ्यांचे वेटोळे व त्याला समांतर सु. ५० ते १०० ओहमचा रोधक बसवितात. पडदा जालकाचे भूयोजन करणारे धारित्र नलिकेच्या बैठकीलगत व आखूड तारांनी जोडणेही तितकेच आवश्यक असते.

केवळ शक्ती कमी केल्याने हा दोष झाकला जातो, नाहीसा होत नाही. अस्थिर विवर्धकामुळे नलिका जळू शकतेच, शिवाय नेमून दिलेल्या पट्ट्याबाहेर प्रारण होऊन इतरांच्या रेडिओ सेवांत व्यत्यय येतो. यास्तव अंतिम चाचणी आकाशकाऐवजी रोधकयुक्त आभासी भारावर घेतात आणि स्थैर्य सिद्ध झाल्यावरच आकाशक जोडतात.