पंचाहत्तरीचा हॉल ठरवताना

आईची पंचाहत्तरी, बाबांची एकसष्टी किंवा आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन जवळ आलं की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘हॉल कुठला?’ पुण्यात त्याचं उत्तर हल्ली बहुतेक मोबाइलवरचे फोटो बघून ठरतं. झुंबर, फुलांची कमान, लॉनवरची रोषणाई. उत्सवमूर्तीच्या वयाची माणसं तिथे तीन तास कशी बसतील, एकमेकांशी कशी बोलतील, हे क्वचितच कोणी विचारतं. माझ्या मते मोठ्यांच्या वाढदिवसाच्या जागेचा खरा निकष तोच आहे : बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या दोन मैत्रिणींना तिथे शेजारी बसून मनसोक्त गप्पा मारता येतील का? नेहमीचे बरेच समज या एका प्रश्नापुढे टिकत नाहीत.

‘हॉल दोनशेचा आहे, आपण दीडशेच. ऐसपैस होईल.’

कार्यालयात सांगतात तो आकडा बहुधा खुर्च्या ओळीने लावल्या तर किती माणसं मावतील, याचा असतो. ओळीत बसलेल्या माणसाला सात-आठ चौरस फूट जागा पुरते. गोल टेबलांभोवती बसवायचं तर माणशी बारा ते पंधरा चौरस फूट धरावे लागतात. म्हणजे दीड हजार चौरस फुटांच्या हॉलमध्ये ओळीने दोनशे माणसं बसतील, टेबलं मांडली तर शंभर-सव्वाशे, आणि व्यासपीठ, बुफे, बुफेपुढची रांग हे सगळं आतच घेतलं तर ऐंशीच्या आसपास. म्हणून ‘किती माणसांचा हॉल?’ असं न विचारता ‘किती चौरस फुटांचा, आणि जेवण कुठे मांडता?’ असं विचारावं. उलटी चूकही तितकीच वाईट. चारशेच्या हॉलमध्ये साठ पाहुणे आले की माणसं भिंतींकडेला पांगतात आणि घरचं कार्य परकं वाटू लागतं.

‘आवाजाचं काय, साउंडवाला बघून घेईल.’

साउंडवाला माइकचा आवाज बघतो, गप्पांचा नाही. चकचकीत फरशी, काचेच्या भिंती आणि उघडं छत असलेल्या हॉलमध्ये प्रत्येक आवाज घुमतो. घुमतो म्हणून लोक मोठ्याने बोलतात, आणि सगळेच मोठ्याने बोलले की कोणालाच काही ऐकू येत नाही. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येऊ लागतात; ‘स’, ‘श’, ‘फ’ अशी व्यंजनं गोंगाटात हरवतात. बोलणं कानावर पडतं, पण शब्द लागत नाहीत. श्रवणयंत्र लावलेल्यांचे हाल तर जास्तच, कारण यंत्र गप्पांबरोबर ताटल्यांचा खणखणाटही मोठा करतं. असे आजोबा मग हसून मान डोलवत राहतात आणि अर्ध्या तासाने ‘घरी जाऊ या’ म्हणतात. त्यांना कंटाळलेलं समजणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

जागा बघायला जाल तेव्हा रिकाम्या हॉलच्या मधोमध उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. आवाज लगेच विरला तर उत्तम. टाळीनंतरही तो रेंगाळत राहिला, तर पडदे, गालिचा, कापडी छत असलेली दुसरी जागा बघा. व्यासपीठाशेजारी दोन मोठे स्पीकर ठेवण्यापेक्षा हॉलभर चार-सहा छोटे, कमी आवाजावर लावायला सांगा. ज्येष्ठांची टेबलं स्पीकरपासून आणि बुफेपासून लांब ठेवा.

‘लिफ्ट आहे ना, मग झालं.’

लिफ्ट असते, पण तिच्यापर्यंत पोचायला तीन पायऱ्या असतात. किंवा ती हॉलच्या मजल्यावर थांबते आणि जेवणघर अर्धा जिना खाली असतं. आणि हमखास विसरलं जातं ते व्यासपीठ. जिच्यासाठी सगळा घाट घातला, ती पंचाहत्तरीची बाई कठडा नसलेल्या दोन उंच पायऱ्या चढून वर जाणार कशी? रॅम्पच्या उताराचं प्रमाण साधं आहे : एक फूट उंचीला बारा फूट लांबी. पायऱ्यांवर टाकलेली फळी हा रॅम्प नव्हे. व्हीलचेअरसाठी ती धोक्याचीच. माझा सल्ला असा की या समारंभाला व्यासपीठच नको. जमिनीवर सतरंजी, त्यावर दोन चांगल्या खुर्च्या. औक्षण करणाऱ्यांनाही बरं पडतं.

स्वच्छतागृह प्रत्यक्ष जाऊन बघा. कमोड आहे का, धरायला दांडा आहे का, फरशी ओली राहते का, हॉलपासून किती पावलं आहेत. हे बघताना संकोच वाटू देऊ नका. अनेक वृद्ध स्त्रिया ही सोय नसेल या भीतीने कार्यक्रमाला येतच नाहीत, आणि तसं सांगतही नाहीत.

‘मध्यवर्ती असलं की सगळ्यांना सोयीचं.’

पेठेतलं कार्यालय नकाशावर मध्यवर्ती असतं, पण पार्किंग नसेल तर सत्तरीच्या माणसाला कोपऱ्यावर उतरून वाहनांमधून वाट काढावी लागते. पुण्यात आता मेट्रोचा विचार जरूर करावा. वनाझ-रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड-स्वारगेट हे दोन्ही मार्ग २०२४ मध्ये पूर्ण सुरू झाले आणि ते जिल्हा न्यायालय स्थानकात एकमेकांना मिळतात. स्थानकांवर लिफ्ट आहेत. नळ स्टॉप किंवा गरवारे कॉलेज स्थानकाजवळची जागा निगडी किंवा खराडीच्या नातेवाइकांना कर्वे रस्त्यावरच्या कोंडीतून वाचवते.

‘रात्री दहाचा नियम आपल्याला नाही, खासगी कार्यक्रम आहे.’

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकाला मनाई आहे. सवलत आहे ती बंदिस्त सभागृहाला, आतल्या आत आवाज ठेवण्यासाठी. लॉन आणि मांडव बंदिस्त नाहीत, सोसायटीची गच्चीही नाही. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्यापासून शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात मर्यादा आणखी कडक आहेत. कार्यक्रम संध्याकाळी साडेपाचला सुरू केला तर हा प्रश्नच उरत नाही, आणि औषधांच्या वेळा असलेल्यांना वेळेवर जेवणही मिळतं.

गाण्यांचंही थोडं तसंच. लग्नसमारंभातल्या संगीताला कॉपीराइट कायद्यात स्पष्ट सूट आहे, वाढदिवसाचा उल्लेख तिथे नाही. त्यामुळे डीजे लावणार असाल तर हॉटेल परवान्याबद्दल विचारेल. मद्य ठेवायचं असेल तर परवाना नसलेल्या हॉलसाठी उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना घ्यावा लागतो, घरून बाटल्या नेऊन भागत नाही.

‘एवढं मोठं हॉटेल, सुरक्षेचं ते बघतीलच.’

या समजाबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. २०१७ मध्ये २८ डिसेंबरच्या मध्यरात्री मुंबईत लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या दोन रेस्टॉरंट-पबना आग लागली आणि १४ माणसं गेली. त्यांत स्वतःचा वाढदिवस साजरा करायला आलेली एक तरुणी होती. अनेकजण आसऱ्यासाठी स्वच्छतागृहात शिरले आणि धुराने गुदमरले. जागा प्रतिष्ठित होती, वस्तीही उच्चभ्रू होती.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा वापरकर्त्याने दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यायचं असतं. ते दाखवा म्हणावं. मग बाहेर पडायचा दुसरा दरवाजा शोधावा आणि तो उघडून बघावा. कुलूप असेल किंवा मागे खुर्च्यांची चळत रचलेली असेल, तर तिथून परत फिरावं.

आपण स्वतः आणतो त्या वस्तूही सांभाळा. केकवर मेणबत्त्या पेटलेल्या असताना मारायचा बर्फासारखा फेस ज्वालाग्राही वायूच्या दाबाने उडतो. ज्योतीजवळ तो भडकतो आणि समोर उत्सवमूर्तीचा चेहरा असतो. तरंगते फुगे स्वस्तात मिळाले तर आत हायड्रोजन असू शकतो. फुगेवाल्याकडे हेलियमचाच आग्रह धरा.

‘पर प्लेट दर कळला की खर्च कळला.’

सहाशे रुपये ताट, शंभर माणसं, म्हणजे साठ हजार? साध्या रेस्टॉरंटच्या जेवणावर ५ टक्के जीएसटी म्हणजे तीन हजार; वरच्या दर्जाच्या हॉटेलात १८ टक्के म्हणजे दहा हजार आठशे. नुसत्या हॉलच्या भाड्यावरही १८ टक्केच. शिवाय ‘मिनिमम गॅरंटी’ शंभराची असेल आणि ऐंशीच जण आले तरी पैसे शंभराचे जातात, म्हणून गॅरंटीचा आकडा हातचं राखूनच द्यावा. सर्व्हिस चार्ज मात्र सक्तीचा नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशा सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या कायम केल्या. बिलात तो आपोआप लावला तर काढायला सांगा. नाही काढला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

‘तारीख हलवता येत नाही.’

सहस्रचंद्रदर्शनाचा हिशेबच बघा. दोन पौर्णिमांमध्ये साधारण साडेएकोणतीस दिवसांचं अंतर, म्हणजे हजार पौर्णिमा पूर्ण होतात त्या सुमारे ८० वर्षं १० महिन्यांनी. ती तारीख वाढदिवसाची नसतेच. साठी-पंचाहत्तरीचा होम तिथीला घरी करावा, आणि गोतावळ्याचं जेवण सोयीच्या रविवारी ठेवावं. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली की कार्यालयं मिळत नाहीत आणि दर चढतात. आषाढी एकादशीनंतर चातुर्मासात लग्नं जवळजवळ थांबतात. तेव्हा तीच जागा सहज मिळते आणि भाड्यातही घासाघीस करता येते. पितृपक्षात कार्यालयं सर्वांत रिकामी असतात, पण त्या पंधरवड्याचं बुकिंग घरच्या ज्येष्ठांना विचारूनच करावं.