एमसीबी पडतोय? आधी त्याचं ऐका!

रात्रीचे अकरा. उद्या सबमिशन. बाहेर मरणाचा उकाडा, पण फ्लॅटवर सगळ्यांनी कॉन्ट्री काढून भाड्याने आणलेला दीड टनाचा एसी मस्त चाललाय. कुणीतरी इंडक्शनवर मॅगी ठेवतं, कुणीतरी गीझर लावतं आणि थोड्या वेळात... खट्! एसी गप्प, वायफाय गायब. मोबाइलच्या टॉर्चमध्ये एकजण खटका वर करतो. पुन्हा खट्! मग कुणीतरी अक्कल पाजळतं, "एमसीबीच फालतू आहे रे. उद्या मोठा टाकून घेऊ."

इथेच थांबा. एमसीबी तुमच्या एसीला वाचवायला नसतो, तो भिंतीतल्या वायरला वाचवायला असतो. जाड पिनांच्या सॉकेटची लाइन साधारण अडीच स्क्वेअर मिलिमीटरची असते आणि तिच्यावर 16 अँपिअरचा एमसीबी असतो. वायर तीच ठेवून एमसीबी 32 चा टाकला, तर खटका पडायचा थांबेल, पण वायर तापायची थांबणार नाही. भिंतीच्या आत तिचं आवरण वितळेल आणि तुम्ही गार हवेत गाढ झोपलेले असाल. शॉर्ट सर्किटच्या आगीची सुरुवात अशीही होते.

आता जरा गणित करू. सोपं आहे, वॅटला 230 ने भागायचं. दीड टनाचा एसी साधारण 1600 वॅट, म्हणजे 7 अँपिअर. इंडक्शन 2000 वॅटचा, म्हणजे जवळपास 9. गीझरही 2000 चा, आणखी 9. झाले 25! जुन्या फ्लॅटमध्ये हे सगळं बऱ्याचदा एकाच लाइनवर असतं. सोळाच्या लाइनवर पंचवीसचं ओझं टाकलं तर एमसीबी पडणारच. तो बिघडलेला नाही, त्याची ड्युटी करतोय.

खटका कधी पडतो, याकडे नीट लक्ष द्या. निम्मं निदान तिथेच होतं.

थोड्या वेळाने पडतो? मग बहुतेक ओव्हरलोड. एमसीबीच्या आत दोन धातूंची पट्टी असते. जास्त करंट वाहिला की ती तापून वाकते आणि खटका पाडते. बाकीची जड उपकरणं बंद ठेवून नुसता एसी चालवून बघा. तरीही पडत असेल तर एसीचा फिल्टर धुळीने भरलाय का, बाहेरच्या युनिटची हवा अडलीये का, ते पाहा. वायरचा स्क्रू सैल असला तरी तिथे उष्णता होऊन असंच घडतं.

एसी लावताक्षणी पडतो? कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतो, विशेषतः इन्व्हर्टर नसलेल्या जुन्या एसीत. 'बी' प्रकारचा एमसीबी त्याच्या आकड्याच्या तीन ते पाच पट करंटला लगेच पडतो, तर 'सी' प्रकारचा पाच ते दहा पटीला. एसीसाठी सहसा 'सी' लावतात. पण कारण कपॅसिटर कमजोर असणं किंवा थेट शॉर्टही असू शकतं. ते शोधणं इलेक्ट्रिशियनचं काम.

एमसीबी नाही, शेजारचा 'टेस्ट' बटणवाला आरसीसीबी पडतो? मग कुठेतरी करंट गळतोय. घरात लावायचा आरसीसीबी बहुधा 30 मिलिअँपिअरचा असतो आणि तो माणसाला शॉकपासून वाचवतो. त्याला बायपास करायचा विचारसुद्धा नको.

तुम्ही काय करायचं? आधी सगळे प्लग काढा, पाच मिनिटं थांबा आणि खटका एकदाच वर करा. पुन्हा पडला तर विषय संपला, आता इलेक्ट्रिशियनच. एसी एक्स्टेंशन बोर्डवर कधीच लावू नका. प्लग गरम लागतोय, सॉकेट काळं पडलंय, जळका वास येतोय? सॉकेटला हात न लावता मेन स्विच बंद करा आणि मगच फोन करा. बोर्ड उघडून यूट्यूब बघत प्रयोग करणं कटाक्षाने टाळा.

खरा इलाज एकच. एसीला मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन, साधारण चार स्क्वेअर मिलिमीटरची, तिच्यावर वेगळा एमसीबी आणि नीट अर्थिंग. वीजबिलावरचा 'मंजूर भार'ही एकदा पाहा. तो कमी असेल तर वाढवून घेण्यासाठी घरमालकाला अर्ज करावा लागेल. भाड्याच्या घरात हे परस्पर उरकू नका. काकांना फोन करा, गणित समजावून सांगा. "काका, एसी लावलाय" एवढंच सांगितलंत तर ते चिडतील. "काका, वायर तापतेय" म्हणालात तर नक्की ऐकतील, कारण घर त्यांचं आहे.

आणि तोवर? मॅगी करायची तर एसी दहा मिनिटं बंद ठेवा. पंखा आहेच की!