रंगावर रंग चढवताना
(प्लॅस्टिकच्या प्रतिकृती : भाग ७)

जुलैअखेर पावसाने उघडीप दिली की डोंगरीच्या आसपास, उत्तन, पाली, चौकच्या किनाऱ्यांवर ओढून ठेवलेल्या बोटींची रंगरंगोटी सुरू होते. मासेमारीबंदी संपत आलेली असते. सुटलेला रंग खरवडायचा, पॉलिश पेपर मारायचा, प्रायमरचा हात द्यायचा, भेगांत लांबी भरायची, ती घासायची आणि वर ऑइल पेंटचे दोन हात. या कामात एक सोय अशी की प्रायमरपासून शेवटच्या हातापर्यंत बहुतेक सगळं टर्पेंटाइनमध्ये पातळ होणारं असतं. एका घराण्यातले रंग एकमेकांशी भांडत नाहीत, फक्त वाळायला वेळ मागतात.

आपलं काम तिथेच अवघड होतं. प्लॅस्टिकच्या किटवर आपण एकावर एक तीन वेगळ्या घराण्यांचे रंग चढवतो आणि त्यांचा क्रम चुकला तर महिनाभराची मेहनत एका फवाऱ्यात सुरकुतते.

पहिलं घराणं लॅकरचं. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं एनसी थिनर याच जातीचं. द्रावक उडून गेलं की लॅकर वाळलं. आत कुठलीही रासायनिक क्रिया होत नाही. दुसरं एनॅमलचं. हंब्रोलच्या छोट्या डब्या आणि बोटीवरचा ऑइल पेंट हे सख्खे भाऊ आहेत. यातलं टर्पेंटाइन काही तासांत उडतं, पण खरा रंग त्यानंतर हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू कडक होतो. त्याला दिवस लागतात, पावसाळ्यात जास्तच. तिसरं अ‍ॅक्रिलिकचं. व्हॅलेहोसारखे रंग पाण्यातले, तर तामियाच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये अल्कोहोलचा अंश असतो.

आता क्रम. ज्याचं द्रावक सर्वांत जहाल ते खाली, सर्वांत मवाळ ते वर. म्हणजे लॅकर तळाला, त्यावर अ‍ॅक्रिलिक, शेवटी एनॅमल किंवा तैलरंग. हा नियम पाठ करून भागत नाही, कारण समजलं पाहिजे. एनॅमलचा थर बोटाला कोरडा लागतो तेव्हा फक्त वरची साय घट्ट झालेली असते, आत तो मऊच असतो. त्यावर लॅकर मारलं की जहाल थिनर साय भेदून आत शिरतं आणि थर फुगतो. खाली प्लॅस्टिकला चिकटलेला असल्यामुळे त्याला आडवं पसरता येत नाही, मग तो वर उचलला जातो. सुरकुत्या पडतात त्या अशा. एकदा पडल्या की सगळा रंग काढण्यावाचून इलाज नाही. उलट लॅकरवर एनॅमल मारलं तर काहीच बिघडत नाही, कारण टर्पेंटाइनला वाळलेलं लॅकर विरघळवता येत नाही.

गेल्या भागात जोडून ठेवलेलं १/७२ मापाचं सी हॉक आता पुढे घ्या. हे विमान आपल्या नौदलाच्या ३०० क्रमांकाच्या ‘व्हाइट टायगर्स’ स्क्वाड्रनचं. डिसेंबर १९७१ मध्ये विक्रांत या विमानवाहू नौकेवरून उडून त्याने कॉक्स बझार आणि चितगावावर हल्ले केले. अस्सल सी हॉक डोळे भरून पाहायचं असेल तर गोव्यातल्या बोगमाळोजवळच्या नौदल विमान संग्रहालयात जा. पत्र्यांच्या सांध्यांत मळ कसा साचतो हे तिथे समोर दिसतं.

मॉडेल साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा; साच्यातलं तेल राहिलं तर कुठलाच रंग धरत नाही. मग लॅकर प्रायमरचा पातळ फवारा. पातळ यासाठी की हेच थिनर प्लॅस्टिकलाही खातं. थोडं खाल्लं तर पकड मिळते. ओला, जाड हात दिला तर सांध्यांच्या बारीक रेषा बुजतात. यावर अ‍ॅक्रिलिक : पोटाचा फिकट रंग आधी, पाठीचा गडद करडा नंतर.

मग अ‍ॅक्रिलिकचाच चकचकीत, बिनरंगी क्लिअर. हा थर अनेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. खडबडीत मॅट रंगावर डिकल, म्हणजे चिन्हांचं पातळ चिकटचित्र, ठेवलं की त्याखाली हवा अडकते आणि पारदर्शक कडा चांदीसारखी चमकते. गुळगुळीत क्लिअरवर डिकल सपाट बसतं. आणखी एक उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो. डिकल बसल्यावर चित्रकाराचा तपकिरी-काळा तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून बारीक ब्रशचं टोक सांध्याच्या रेषेला टेकवायचं. रंग आपोआप रेषेतून धावत जातो. थोड्या वेळाने कापसाच्या बोळ्याने पुसला की पृष्ठभाग स्वच्छ आणि मळ फक्त रेषेत. हे शक्य होतं ते खालचं अ‍ॅक्रिलिक टर्पेंटाइनला दाद देत नाही म्हणून. तोच क्लिअर एनॅमलचा असता तर बोळ्याबरोबर तोही निघाला असता. आणि उघड्या प्लॅस्टिकवर हे टर्पेंटाइन सोडू नका. ताण असलेल्या जोडांवर ते तडे पाडतं.

अ‍ॅक्रिलिकची दुखरी जागा वेगळी : अल्कोहोल. सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हाताने पंख उचललात तर बोटाचा ठसा रंगात उमटेल.

शेवटचा मॅट क्लिअर बरेच जण लॅकरचा मारतात. यात नियम मोडतो का? मोडतो, पण तैलरंग रेषेतच उरलेला असतो, पूर्ण वाळलेला असतो आणि फवारा धुक्यासारखा हलका असतो, म्हणून निभावतं. वाळला की नाही हे नाकाने ओळखा : टर्पेंटाइनचा वास येत असेल तर थांबा.

आपल्याकडे मात्र एक जादा संकट आहे. खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या या पट्ट्यात जुलैत हवा पाण्याने भरलेली असते. लॅकरचं थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार करतं, गार पृष्ठभागावर हवेतली वाफ जमते आणि ती थरात अडकून मॉडेलवर पांढरट धुकं चढतं. अशा दिवशी फवारू नका. नाइलाज असेल तर सावकाश उडणारं रिटार्डर थिनरमध्ये मिसळा. धुकं आलंच तर नुसत्या थिनरचा अगदी हलका फवारा बहुधा ते घालवतो, कारण लॅकर आपल्याच द्रावकात पुन्हा विरघळतं. खिडकी उघडी, तोंडावर द्रावकाची वाफ अडवणारा मास्क आणि जवळपास गॅसची शेगडी नको. एनसी थिनरची वाफ पेट घेते.

पुढच्या भागात कॉकपिटची पारदर्शक काच, जिला लॅकरपासून सर्वांत जास्त जपावं लागतं.